फुकटचे मासे आणि माझे बुधवार : गणना ११ चं एक प्रकरण

भोसरी एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे आमच्याकडे बुधवारची संध्याकाळ म्हणजे बाकीच्या जगाची शनिवारची संध्याकाळ. शिफ्ट सुटली की आम्ही सहा-सात जण गेटपासून पाच मिनिटांवरच्या परमिट रूममध्ये बसायचो आणि तिथला चकणा फुकट असायचा, खारे शेंगदाणे, उकडलेले चणे वरून कांदा मारून, आणि उन्हाळ्यात काकडीच्या फोडी मीठ-तिखट लावून. २०१२ ला मी बाप्तिस्मा घेतला, दारू सुटली, परत लागली नाही, प्रभूची कृपा. पण खरं सांगतो, मला दारूची आठवण फार कमी आली. आठवण यायची ती त्या टेबलाची, काकडीच्या प्लेटची, आणि आत शिरल्याबरोबर कुणीतरी "आला रे आला" म्हणून खुर्ची सरकवायचं त्याची. आणि सुरुवातीलाही आठवण यायची, पण ती वेगळी होती, तिच्याकडे नंतर येतो; ही आली ती चांगलं दीड वर्ष गेल्यावर, घर सावरलं होतं, हप्ते वेळेवर जात होते, रविवारी संगतीत, म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीत, मी साक्ष द्यायला उभा राहत होतो, तेव्हा आली.

त्याच महिन्यांत मी बायबलमधलं गणनाचं पुस्तक वाचत होतो. देवाने मोशेच्या हातून इस्राएल लोकांना मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सोडवलं आणि ते वाळवंटातून नव्या देशाकडे निघाले, त्या वाटेवरची ही गोष्ट. अकराव्या अध्यायात इस्राएल लोक रडत बसलेत आणि मिसरात आपल्याला काय काय खायला मिळायचं ते सांगतायत. मासे, तेही फुकट. काकड्या, खरबुजं, भाजी, कांदे, लसूण. काकड्या आणि कांदे वाचलं आणि मी पुस्तक मांडीवर तसंच ठेवून बराच वेळ बसलो. साडेतीन हजार वर्षांच्या आसपासची गोष्ट, आणि चकणा तोच.

तेव्हापासून हे एक प्रकरण मी किती वेळा वाचलं त्याला गणती नाही. प्रेषित पौलाने करिंथकरांना पहिलं पत्र लिहिताना दहाव्या अध्यायात वाळवंटातल्या याच घटना काढल्यात आणि म्हटलंय की या आपल्यासाठी उदाहरणं आहेत, त्यांनी जशी हाव धरली तशी आपण धरू नये म्हणून. म्हणजे याचा उदाहरण म्हणून अभ्यास करायचा हे काही माझं डोकं नाही. माझ्यासारखे बरेच जण आहेत जे विश्वासात येतात, टिकतात, आणि मग कधीतरी गुपचूप मागे वळून बघतात आणि कुणाला सांगत नाहीत. त्यांच्यासाठी हे पूर्ण मांडतोय.

आधी काळाचा हिशोब बघा, कारण सगळं त्यात आहे. पहिल्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी ते मिसरातून निघाले. तिसऱ्या महिन्यात सीनायजवळ पोचले आणि तिथे जवळजवळ वर्षभर राहिले, नियमशास्त्र मिळालं, निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, उभा राहिला, शिरगणती झाली, वीस वर्षांवरचे लढायला योग्य पुरुष ६,०३,५५० भरले. दुसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्याच्या विसाव्या दिवशी वाट दाखवणारा देवाचा ढग उठला आणि ते निघाले. म्हणजे मिसर सोडून तेरा महिने झालेले. सीनायपासून, म्हणजे होरेबापासून कादेश-बर्ण्यापर्यंत, देशाच्या उंबरठ्यापर्यंत, वाट किती तर अकरा दिवसांची, बायबलच्या अनुवाद या पुस्तकात १:२ मध्ये दिलंय. त्यातली तीन दिवसांची मजल झाली होती. आठवडाभर चालले असते तर पोचले असते. आणि तिथे, आठवडाभराच्या अंतरावर, ते मिसरासाठी रडायला लागले.

सुरुवात कुठून झाली तेही लिहिलंय. त्यांच्याबरोबर मिसरातून एक मिश्र जमाव आला होता, त्यांना आधी हाव सुटली, मग इस्राएल लोक परत रडायला लागले. हे "परत" महत्त्वाचं, कारण आधीही एकदा रडले होते, त्याच्याकडे मी नंतर येतो.

आता त्यांचं वाक्य घ्या. मासे फुकट मिळायचे. फुकट!

मिसरात मासे, कांदे, लसूण हे कुणाचं खाणं होतं? हेरोडोटस हा ग्रीक लेखक इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात तिथे फिरला, त्याला दुभाष्याने पिरॅमिडवरचा लेख वाचून दाखवला की कामगारांच्या मुळ्यावर, कांद्यावर आणि लसणावर १,६०० टॅलंट चांदी खर्च झाली. दुभाष्याने खरं वाचलं की नाही ते बाजूला ठेवा, पण कामगार म्हटलं की कांदा-लसूण हे समीकरण तिथे त्या काळीही पक्कं होतं. राजांच्या थडग्यांवर काम करणाऱ्या कारागिरांची वस्ती होती, आज त्या जागेला देर अल-मदिना म्हणतात, तिथल्या लोकांना पगार म्हणून धान्य मिळायचं, शिवाय मासे आणि भाजी मिळायची, आणि इसवी सनापूर्वी बाराव्या शतकात, तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी, धान्य थकलं म्हणून त्या कामगारांनी काम बंद केलं होतं. त्याचा पपायरस आज इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. ते गुलाम नव्हते, कुशल लोक होते, तरी ही अवस्था. म्हणजे मासे आणि भाजी हे रेशन होतं. बैलाला वैरण टाकतात, ती बैलाला फुकट वाटत असेलही, पण टाकणाऱ्याला उद्या नांगर ओढून घ्यायचा असतो.

थेब्समध्ये रेखमिरे नावाच्या वजिराच्या थडग्यात भिंतीवर चित्रं आहेत, परदेशी कैदी चिखल तुडवतायत, साच्यात विटा पाडतायत आणि मुकादम काठी घेऊन बसलाय. आणि बायबलच्या निर्गम या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात फारो, म्हणजे मिसरचा राजा, म्हणतो की पेंढा मी देणार नाही, तुमचा तुम्ही गोळा करा, विटांचा आकडा मात्र तेवढाच पाहिजे. टार्गेट तेच, मटेरियल बंद. एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर काम केलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही. आकडा भरला नाही म्हणून इस्राएलांच्याच नायकांना मारलं.

पण या सगळ्यापेक्षा मला जे लागलं ते वेगळंच. मासे कुठले? नाईलचे. आणि निर्गमच्या पहिल्या अध्यायाचं शेवटचं वचन काय आहे? इब्र्यांना जो मुलगा होईल तो नदीत टाका. तीच नदी. ज्या पाण्यात यांची पोरं टाकायचा हुकूम निघाला होता त्याच पाण्यातले मासे यांना आठवतायत, आणि आठवताना शब्द काय येतोय तर फुकट. यादीत चव आहे, पोरं नाहीत. विटा नाहीत, काठी नाही. आणि सोडून निघायच्या वर्षी तर त्या नदीचं रक्त झालं आणि त्यातले मासेही मेले होते, निर्गम ७ मध्ये आहे, तेसुद्धा कुणाला आठवत नाही. ते खोटं बोलत नाहीयेत हं, मासे होते, काकड्या होत्या, सगळं खरं आहे. मोहाचं काम असं खऱ्या गोष्टींवरच चालतं, अर्धं दाखवायचं आणि अर्धं झाकायचं.

आमच्या संगतीत एक वयस्कर गृहस्थ होते, देहूरोडला फॅक्टरीतून रिटायर झालेले, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. मी कुणालाच सांगत नव्हतो ते एका बुधवारी त्यांना सांगितलं, त्यांच्या गॅलरीत बसून, की मामा मला ते सगळं आठवतं आणि वाटतं की तिथे मी सुखी होतो. मला वाटलं आता प्रार्थना करूया म्हणतील, किंवा सैतान सैतान करतील. ते म्हणले, "काय काय आठवतं ते सांग बरं." मी सांगितलं, टेबल, चेष्टा-मस्करी, काकडी, "आला रे आला". त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणले, "बरं. मग तिथून उठायचास किती वाजता?"

अकरा. कधी साडेअकरा.

"आणि घरी कोण जागं असायचं?"

मी म्हणलं कुणी नाही, पोरगी तर झोपलेली असायची.

"घरी जाऊन बायकोला विचार," एवढंच म्हणले आणि चहा आणायला आत गेले.

घरी जाऊन विचारलं. बायको भांडी आवरत होती, तिने मागे वळून पण बघितलं नाही, म्हणली, "झोपलेली नसायची. तुमच्या गाडीचा आवाज ओळखायची ती. कोपऱ्यावर गाडी वळली की पळत जाऊन लाईट बंद करायची आणि डोक्यावरून पांघरूण घ्यायची." सात वर्षांची होती तेव्हा. मी दारात उभा राहून बघायचो आणि मला वाटायचं शांत झोपलीये माझी लेक.

त्या दिवशी मला नाईल कळली. बुधवारची माझी आठवण सात वाजता सुरू व्हायची आणि नऊला संपायची. अकराला काय व्हायचं ते त्यात नव्हतंच. आणि चकणा फुकट होता असं मी इतकी वर्षं म्हणत होतो, तर बायकोची सोन्याची बोरमाळ पतपेढीत होती तीन वर्षं.

इथे मी थोडं थांबतो, कारण पुष्कळ लोक एवढ्यावर येऊन एकदम निकाल देतात की मागचं आठवणं हेच पाप. मला पहिल्या वर्षी असंच सांगितलं गेलं. आणि त्यात चूक आहे, आणि ती चूक याच प्रकरणात दिसते.

मघाशी म्हणलं ना "परत रडले". पहिलं रडणं निर्गम १६ मध्ये आहे, निघून बरोबर एक महिना झालेला. तिथेही तेच शब्द जवळजवळ, मिसरात आम्ही मांसाच्या हंड्यांजवळ बसून पोटभर खात होतो, इथे आणून उपाशी मारताय. तक्रार तीच, पण तिथे शिक्षा नाही. एक शब्दही शिक्षेचा नाही. संध्याकाळी लावे पक्षी आले, सकाळी मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, पडला, प्रत्येकाला एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर. का? कारण तिथे ते खरंच भुकेले होते. उपाशी माणूस जुन्या हंडीची आठवण काढणारच, त्याला देवाने भाकर दिली. त्यानंतर वर्षभराने तीच तक्रार आली तेव्हा पोट भरलेलं होतं, दारात रोज सकाळी अन्न पडत होतं, आणि ते म्हणत होते की या मान्न्याशिवाय डोळ्यांपुढे दुसरं काहीच नाही, आमचा जीव सुकला.

शब्द सारखे पण आजार वेगळा. हे ज्या पुढाऱ्याला कळत नाही तो लोकांचं फार नुकसान करतो. माझ्या पहिल्या वर्षी भावाने बोलणं टाकलं, चाळीत हळदी-कुंकवाला बायकोला बोलावणं बंद झालं, जुने मित्र गेले आणि नवीन कुणी नव्हतं. तेव्हा मला जी आठवण यायची ती भूक होती. मंडळीत सांगितलं तर उत्तर मिळालं, "ब्रदर, लोटाची बायको आठवा," म्हणजे जी मागे वळून बघितलं म्हणून मिठाचा खांब झाली ती. मला कुणीतरी जेवायला बोलवायला पाहिजे होतं. एका रविवारी एका कुटुंबाने बोलावलं, साधी वरण-भात-भाजी होती, आणि मला चांगलं आठवतं, त्या आठवड्यात बुधवार आला कधी आणि गेला कधी कळलं नाही. नवीन आलेल्याला मागचं घर आठवतं तेव्हा आधी बघायचं की त्याला पुढचं घर मिळालंय का. लोटाच्या बायकोचं वचन खरंच आहे, प्रभूनेच ते म्हटलंय लूक १७ मध्ये, पण ते उपाशी माणसाच्या ताटात वाढायचं वचन नाही.

दीड वर्षानंतरची आठवण मात्र गणना ११ ची होती. तेव्हा मी उपाशी नव्हतो. मला कंटाळा आला होता, आणि हे कबूल करायला मला सगळ्यात जास्त लाज वाटली. तीच गाणी, तीच सतरंजी, तेच दहा-बारा चेहरे, "प्रेज द लॉर्ड ब्रदर", बुधवारी सात वाजता उपास-प्रार्थना. मान्न्याचं वर्णन तिथे फार सुंदर केलंय, धण्यासारखा बारीक, लोक फिरून गोळा करायचे, जात्यावर दळायचे नाहीतर उखळात कांडायचे, मडक्यात शिजवायचे, भाकरी करायचे आणि चव तेलात तळलेल्या पोळीसारखी. निर्गममध्ये मधाची चव म्हटलंय. म्हणजे बेचव नव्हता! आपल्या घरी वर्षानुवर्षं भाकरीच असते, भाकरीला कुणी कंटाळा आला म्हणत नाही कारण ती आई थापते. त्यांचंही दुखणं चवीचं नव्हतंच. देवाने मोशेला जे सांगितलं त्यात ते उघड होतं, तुमच्यामध्ये जो परमेश्वर आहे त्याला तुम्ही झिडकारलं आणि म्हणालात की आम्ही मिसरातून निघालोच कशाला. मांस मागितलं म्हणून राग नाही. निघालोच कशाला म्हणले म्हणून.

मग देवाने दिलं. मागितलं ते दिलं, एक दिवस नाही दोन दिवस नाही, महिनाभर, नाकातून बाहेर येईपर्यंत. समुद्राकडून वारा आला आणि लावे आले, छावणीच्या दोन्ही बाजूंना एक-एक दिवसाच्या वाटेइतके, जमिनीपासून दोन हात उंच. वसंतात लाव्यांचे थवे सीनायवरून उत्तरेकडे जातात, दमलेले, खालून उडतात, आणि हा महिनाही वसंताचाच, त्यामुळे ज्यांना निसर्गातून समजून घ्यायचंय त्यांना तीही वाट आहे. लोक दिवसभर, रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस गोळा करत होते. ज्याने सगळ्यात कमी गोळा केले त्याचे दहा होमर. मी एकदा हिशोब मांडून बघितला. एक होमर म्हणजे दहा एफा, एक एफा म्हणजे दहा ओमर, म्हणजे दहा होमर झाले हजार ओमर. मान्ना रोज एक ओमर. हजार दिवसांचा वाटा दोन दिवसांत घरात आणून ठेवला, तोही सगळ्यात कमी हाव असलेल्या माणसाने. मांस दातात होतं, चावूनही झालं नव्हतं, आणि मरी आली. त्या जागेचं नाव पडलं किब्रोथ-हत्तव्वा, हावेच्या कबरी. स्तोत्र १०६ मध्ये यावर एक ओळ आहे, त्यांनी मागितलं ते त्याने दिलं पण त्यांच्या जिवाला झड लावली.

मी पण एकदा गेलो होतो. २०१४ च्या पावसाळ्यात. प्यायलो नाही, थम्सअप घेतलं, मित्र किती दिवस म्हणत होता, "नुसता बस रे, कोण पी म्हणतंय तुला." टेबल तेच होतं. सातातले तिघेच उरले होते, एक गावी गेला होता, एकाचं लिव्हर गेलं होतं, बाकीचे दुसऱ्या कंपनीत. काकडी आली. मी खाल्ली. आणि काहीच झालं नाही, म्हणजे जे व्हायला पाहिजे होतं असं मला वाटत होतं ते काहीच नाही झालं, तिघं मोबाईलमध्ये बघत होते आणि मधूनच सुपरवायझरला शिव्या. अर्ध्या तासात मी उठलो. बाहेर पाऊस होता आणि मी गाडीवर बसून रडलो, कारण मला तिथे परत जायचं नव्हतंच, मला जिथे जायचं होतं ती जागा कधी अस्तित्वातच नव्हती. तिथे गेलो हे चुकलंच, हे मी कुणाला करा म्हणून सांगत नाही. पुष्कळ जण त्या टेबलावरून उठू शकत नाहीत.

आता उपाय काय केला ते. मामांचं म्हणणं एकच होतं आणि मला ते शास्त्राला धरून वाटतं, की विसरायला जाऊ नको, पूर्ण आठव. देवाने इस्राएलला मिसर विसरा असं कुठेही सांगितलेलं नाही. उलट अनुवादमध्ये पुन्हा पुन्हा आहे, तू मिसरात दास होतास याची आठवण ठेव. आणि त्यासाठी वर्षातून एकदा जेवण लावून दिलं, वल्हांडण म्हणजे मिसरातून सुटकेचा सण, बेखमीर भाकर आणि कडू भाजी. अनुवाद १६ मध्ये त्या भाकरीला दुःखाची भाकर म्हटलंय. म्हणजे जीभ जर काकडी आणि खरबूज आठवत असेल तर त्याच जिभेवर वर्षातून एकदा कडू ठेवायचं. आपल्या कोकणात अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू लोक, पिढ्यानपिढ्या हा सण पाळत आलेत, १८७४ साली पुण्यात या जेवणाच्या वेळी वाचायचा हगादा मराठी भाषांतरासह छापला गेला. आम्ही मिसरात फारोचे दास होतो, हे मराठीतून, घरातल्या ताटासमोर बसून, मुलांना सांगणारी माणसं आपल्या रायगडात होती हे मला कळलं तेव्हा मला फार आधार वाटला.

लोक मला पौलाच्या फिलिप्पैकरांच्या पत्राचा ३ रा अध्याय काढून दाखवतात, मागील गोष्टी विसरून. पण तोच अध्याय वरून वाचा. पौल आपलं सगळं मागचं पाठ म्हणून दाखवतो, आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाच्या वंशाचा, परूशी, आणि मंडळीचा छळ करणारा हेसुद्धा गाळत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत २२ आणि २६ मध्ये परत सगळी कहाणी सांगतो. ज्याला मागचं एवढं स्वच्छ आठवतं तो विसरला कसा म्हणायचा? त्याने त्यावर जगणं सोडलं, त्या अर्थाने मागे टाकलं.

मी काय करायचो, बुधवारी आठवण आली की तिला थांबवायचो नाही, पुढे चालवायचो. सात, आठ, नऊ, आणि तिथे ती थांबायला बघायची तर मी म्हणायचो चल, अकरा. कोपरा. गाडीचा आवाज. लाईट बंद. हे मोठ्याने, प्रार्थनेत, प्रभूसमोर. पहिले काही महिने फार जड गेलं, कारण पूर्ण आठवलं की नुसती लाज येते, आणि लाजेने माणूस परत पिऊ शकतो. म्हणून हे एकट्याने करायचं नाही. गणना ११ मध्येच मोशेपण तक्रार करतोय हे किती जणांच्या लक्षात येतं? तो म्हणतो मी काय यांना जन्म दिलाय का, हे ओझं मला झेपत नाही, यापेक्षा मला मारून टाक. लोकांपेक्षा कडक बोललाय तो. पण लोक आपापल्या तंबूच्या दारात बसून रडत होते आणि मोशे देवाशी बोलत होता, आणि देव त्याला रागावला नाही, सत्तर वडील माणसं दिली ओझं वाटून घ्यायला. मला सत्तर नाही मिळाले, एक मामा मिळाले. बुधवारी सातला फोन करायचा असं ठरलं होतं. बोलायला काही नसलं तरी करायचा. कधी कधी मामा नुसते म्हणायचे, "अकरापर्यंत गेलास का?" मी म्हणायचो गेलो. बास, ठेवायचे.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. मिसर सोडताना त्यांनी मिसरातलं सगळंच टाकलं नाही. मोशेने योसेफाच्या अस्थी बरोबर घेतल्या, निर्गम १३ मध्ये आहे, आणि त्या वाळवंटभर वाहून नेल्या. मिसऱ्यांकडून सोन्या-चांदीचे दागिने घेतले, त्याच सोन्याचं एकदा वासरू झालं आणि त्याच सोन्यातून निवासमंडपासाठी अर्पणही आलं. म्हणजे मागचं काय आहे एवढं विचारून भागत नाही, त्याचं इथे काय होतंय ते बघावं लागतं. माझे आजोबा वारकरी होते. त्यांच्या पहाटेच्या हरिपाठाचा आवाज मला आठवतो, अजून आठवतो, आणि पहिल्या वर्षी मला सांगितलं गेलं की हाही मिसरच. मी ती आठवण आणि परमिट रूमची आठवण एकाच पोत्यात कोंबली आणि दोन्हींशी सारखाच झगडत बसलो. मग रेव्हरंड टिळकांचं वाचलं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, घरदार तुटलं, पत्नी लक्ष्मीबाई तर पाच वर्षांनी विश्वासात आल्या. आणि हा माणूस म्हणायचा की तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, आणि अभंग, ओवी, कीर्तन हे सगळं त्याने ख्रिस्ताच्या पायाशी आणून ठेवलं. आज आम्ही संगतीत टाळ घेऊन भजन म्हणतो ते त्यांच्यामुळे. आजोबांचा आवाज माझ्यासाठी योसेफाच्या अस्थी आहेत. तो मला मागे ओढत नाही. त्या आवाजातलं मी काय मानतो आणि काय मानत नाही हे मला माहीत आहे, पण पहाटे उठून देवाचं नाव घ्यायचं हे मी त्या माणसाकडून शिकलो आणि ते मी टाकणार नाही.

आणि ज्यांना वाटतं की आठवण येते म्हणजे माझा विश्वासच खोटा, त्यांनी चौथ्या शतकातला संत ऑगस्टिन बघावा. ३८६ साली मिलानच्या बागेत तो बदलला, आणि त्याने स्वतः लिहून ठेवलंय की त्याच्या जुन्या सवयी त्याच्या देहाचं वस्त्र ओढून हळूच विचारत होत्या, आम्हाला सोडून चाललास का. दहा-बारा वर्षांनी, बिशप झाल्यावर लिहितानासुद्धा कबूल करतो की जुनी चित्रं अजून स्मरणात आहेत, स्वप्नात येतात. चित्र येतं. चित्रामागे उठून जायचं की नाही एवढंच आपल्या हातात.

इस्राएलांचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. कादेशला पोचले, देश बघायला पाठवलेले हेर जाऊन आले, आणि गणना १४ मध्ये तेच रडगाणं पण आता एक पाऊल पुढे, एक नायक नेमू आणि मिसरात परत जाऊ. अकरा दिवसांवरच्या देशात शिरायला चाळीस वर्षं लागली. ख्रिस्तासाठी पहिला हुतात्मा झालेल्या स्तेफनाने त्यांच्याबद्दल म्हटलंय की ते मनाने मिसराकडे फिरले, पायाने एकही परत गेला नाही. आणि मला सगळ्यात भीती वाटते ती गणना २० ची. तिथे नवी पिढी आहे, वाळवंटात जन्मलेली किंवा लहान असताना निघालेली, आणि तीही विचारते की आम्हाला मिसरातून इथे का आणलं. ज्यांनी वीट पाडली नाही त्यांना आई-बापांच्या तोंडून काकड्यांच्या गोष्टी ऐकू आल्या होत्या, विटांच्या नाही. म्हणून माझ्या लेकीला, ती आता कॉलेजात आहे, मी सगळं सांगितलंय, अकरा वाजेपर्यंत सगळं. ती म्हणली, "पप्पा, मला माहितीये. मी जागीच होते."

मामा २०२१ मध्ये गेले. आता बुधवारी सातला मला फोन येतो, कंपनीतला एक पोरगा आहे, पंचविशीचा, वर्ष झालं विश्वासात येऊन. मागच्या बुधवारी फोन आला नाही. मी पावणेआठला केला, उचलला, मागे गाण्याचा आवाज आणि ग्लासांचा आवाज. मी म्हणलं येऊ का घ्यायला. थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणला, "नको दादा, येतो मी." साडेआठला दारात उभा होता, भिजलेला. बायकोने बांगडे केले होते, मंडईतून चारशेचे आणले होते, तिने त्याच्यासाठी ताट घेतलं आणि कांदा चिरायला बसली.